हरमलची मिरची, पत्ता कुणाचा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पुरुमेंताचे दिवस. पेडण्यातल्या आमच्या गावात पावसाआधी घराघरांत सुकी मासळी, सोलं, मिरची भरून ठेवतात. गुडघ्यांमुळे शामायने दोन वर्षं मिरची लावली नव्हती. मी हॉस्टेलवर. तिला सरप्राइज द्यायचं म्हणून फोनवरून अर्धा किलो 'अस्सल हरमल मिरची' मागवली. खाली लिहिलं होतं, 'थेट गोव्यातून रवाना'.

ट्रॅकिंग उघडलं तर पार्सल सुरतेहून निघालेलं. म्हटलं, गोदाम असेल तिथे. सुट्टीत ते घरी नेलं. शामायने एक मिरची मोडली, वास घेतला आणि म्हणाली, "बाय, ही आमची न्हय."

पाकिटामागे बारीक अक्षरांत परराज्यातला पत्ता होता.

हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे इथे पिकलेल्या मिरचीलाच ते नाव लावता येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल कोणत्या देशाचा हेही दाखवावं लागतं. पण इथे देश खराच होता, भारत. खोटं होतं ते गाव! डिचोलीच्या माझ्या मैत्रिणीने मुंबईच्या मावशीला असेच 'गोव्याचे काजू' पाठवले. पाकिटावर मूळ देश आफ्रिकेतला निघाला. आणि हिच्या घरामागे काजूची बागायत!

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे परत आले. विषय संपायला हवा होता.

पण संध्याकाळी तीन घरं पलीकडे गेले, तर शेजारच्या काकींच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. लहान, लालभडक. "यंदा गिऱ्हाइकं कमी," त्या म्हणाल्या. मला मान वर करवेना. विक्रेत्याने फसवलं हे खरं, पण माझ्याच गावाचं नाव मी फोनमध्ये शोधत बसले होते. शामायला एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

एक किलो घेतली. म्हटलं, "काकी, तुमची मिरची मी ऑनलाइन घालू?"

त्या हसल्या. "घाल गो. पण पत्तो माझोच घाल."