संगणकाचा हिवताप

जो बिघाड सदैव दिसतो, तो शोधणे फारसे कठीण नसते. परंतु जे यंत्र दोन दिवस उत्तम चालते, तिसऱ्या दिवशी काम अर्ध्यावर असता एकाएकी पडदा काळा करते आणि जाणत्या माणसासमोर नेताच गुणी मुलासारखे वागू लागते, त्याचे काय करावे? माहीम येथील आमच्या घरच्या संगणकास गेल्या पावसाळ्यानंतर हेच दुखणे जडले. वाडीचा जमाखर्च त्यात, धाकट्या बहिणीचा बारावीचा प्रकल्पही त्यात; दोनदा तर तिची तासातासाची मेहनत पुसली गेली. एका दुरुस्ती करणाऱ्याने पेटी न उघडताच मदरबोर्ड बदलावयास सांगितले. तो खर्च आम्हांस परवडण्यासारखा नव्हता. बाबा एवढेच म्हणाले, "आधी काय बिघडलंय ते कळू दे, मग पैशांचं पाहू."

हिवतापाच्या रोग्यास वैद्य प्रथम विचारतो, ताप केव्हा येतो? आम्हीही एक वही घातली आणि संगणक बंद पडला की वेळ व चालू असलेले काम तीत टिपू लागलो. शिवाय असे ठरविले की, एका वेळी एकच बदल करावयाचा. दोन केले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

पहिला संशय उष्णतेचा. पेटी उघडली, तो प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांत खाऱ्या हवेने दमटलेली धूळ गच्च बसलेली! ती काढली, उष्णता वाहून नेणारा लेप नवा लावला. तापमान उतरले; दुखणे मात्र कायम राहिले.

मग रॅमची पाळी. रॅममध्ये प्रत्येक शून्य वा एक हा अतिसूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने राहतो. तो गळत असल्यामुळे सेकंदात अनेक वेळा ताजा करावा लागतो. त्यात एकच अंक उलटला तरी केवढा घोटाळा होतो! २००३ साली बेल्जियममधील स्कारबेक येथे मतमोजणीच्या संगणकाने एका उमेदवारास ४०९६ मते जादा दिली. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. यावरून एकाच जागी शून्याचा एक झाला असावा, असे तज्ज्ञांनी अनुमान केले. अंतराळातून येणाऱ्या किरणांवर संशय घेतला गेला, सिद्ध काही झाले नाही. आम्ही मेमटेस्ट नावाची चाचणी रात्रभर चालविली. एकही चूक निघाली नाही. अर्थात एका रात्रीने रॅम निर्दोष ठरते असे नव्हे. संशय हलका होतो, इतकेच.

आता पुन्हा वही पाहिली. बारा दिवसांत नऊ नोंदी. पैकी सात सकाळी सात ते आठ यांच्या दरम्यान, म्हणजे पानवेलींना पाणी सोडण्यासाठी वाडीवाडीतून पंप सुरू होतात त्या वेळच्या. पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो व दिवे मंदावतात. (तारापुरास १९६९ पासून अणुवीज होऊ लागली खरी, पण वाडीच्या टोकापर्यंत गेलेल्या लांब तारेत दाब उतरावयाचाच.) तथापि पंप रोज सुरू होतो, संगणक तर रोज बंद पडत नाही. हे कसे?

संगणकास वीज पुरविणाऱ्या एसएमपीएस नावाच्या पेटीत कपॅसिटर असतात. ते पाण्याच्या टाकीसारखे. बाहेरचा पुरवठा क्षणभर खालावला, तर साठ्यातून भरून काढावयाचे. कपॅसिटर जुना झाला की आतून सुकतो व साठा घटतो. संगणकाचे काम हलके असेल तर तेवढ्यावर निभावते. जड असेल तर नाही.

ताळा पाहण्यासाठी एका मित्राचा एसएमपीएस उसना आणून जोडला. पंधरा दिवस संगणक एकदाही बंद पडला नाही. तेव्हा आम्ही जुना पुन्हा बसविला. आई चिडली. "चांगलं चाललंय ना? मग हा उपद्व्याप कशाला?" परंतु गुण नव्या पेटीने आला, की तारा काढून घट्ट बसविल्याने, हे त्याशिवाय कळणार कसे? तिसऱ्या दिवशी साडेसातास पंप सुरू झाला, आणि संगणक बंद! यंत्र बिघडल्याचा इतका आनंद आम्हांस कधी झाला नव्हता.

एसएमपीएस घरी उघडू नये. भिंतीवरील बटण बंद केल्यावरही त्यात ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. आम्ही नवा विकत घेतला. जुना एका जाणत्या कारागिराने उघडून दाखविला. एका कपॅसिटरचे डोके पुरीसारखे फुगले होते. तो बाबांनी खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवला आहे.