मान : स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी

मराठीत 'मान' हा शब्द दोन लिंगांत चालतो. पुल्लिंगी मान म्हणजे आदर. तो संस्कृतातून जसाच्या तसा आला. स्त्रीलिंगी मान म्हणजे आपली ग्रीवा. तिचे मूळ 'मन्या' या शब्दात आहे. मान आखडण्याला आयुर्वेदात 'मन्यास्तंभ' म्हणतात, ती हीच मन्या. वर्गात ही व्युत्पत्ती मी अनेक वर्षे सांगत आलो आहे. मात्र या दोन मानांची गाठ प्रत्यक्षात पडली ती एका केशकर्तनालयात.

परीक्षांचा हंगाम म्हणजे आमच्यासाठी मान मोडून काम करण्याचे दिवस. गेल्या वर्षी उत्तरपत्रिकांचा तिसरा गठ्ठा संपता संपता कवटीच्या तळाशी कळ सुरू झाली आणि उजव्या खांद्यापर्यंत उतरली. मागे पाहायचे तर धडासकट वळावे लागे. शेवटच्या बाकावरच्या मुलांना त्याची गंमत वाटत असावी.

उपाय ठरलेला होता. आमच्या पेठेत ज्याचे केशकर्तनालय आहे तो आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी महाविद्यालयात गेलो, तो वडिलांच्या दुकानात उभा राहिला आणि केव्हातरी मला 'सर' म्हणू लागला. मीही ते कधी खोडून काढले नाही. केस कापून झाले, चंपी झाली, की तो एक हात हनुवटीला आणि एक डोक्यामागे लावी. डावीकडे एक झटका, उजवीकडे एक. 'कट्' असा आवाज येई. ही त्याच्या कामाची जणू सही होती. त्यासाठी लांबून गिऱ्हाइके येत.

या वेळी त्या झटक्याने दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी दुखणे परत आले. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. हाताला मुंग्या येतात का, पकड कमी झाली आहे का, ताप आहे का, पडला होतात का, हे त्यांनी आधी विचारले. यांतले काही असते तर मालिश नव्हे, डॉक्टरांची तपासणी हवी होती. मग त्यांनी समजावले. डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलो. ते सात मणक्यांवर तोललेले असते तोवर ठीक. आपण पुढे वाकलो की ते लोंबते आणि मागचे स्नायू तासन्‌तास त्याला धरून ठेवतात. ते थकतात, आखडतात. म्हणून वही डोळ्यांकडे आणावी, डोळे वहीकडे नेऊ नयेत. उतरते लाकडी डेस्क घ्यावे, अर्ध्या तासाने उठावे.

मालिशही त्यांनीच शिकवले. आधी गरम पाण्यात पिळलेल्या पंचाने शेक. मग कवटीखालच्या दोन खळग्यांत अंगठे ठेवून सावकाश, गोल दाब. तिथून मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली खांद्यापर्यंत. प्रत्यक्ष हाडावर नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला तर मुळीच नाही. आराम मिळेल, पण तात्पुरता. बसण्याची सवय बदलली तरच टिकेल. आणि झटका बंद. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते. असे क्वचित होते, पण झाले तर पक्षाघात.

आता हे त्याला सांगायचे कसे? माझी मान वाचवताना त्याचा मान दुखावणार होता. पुढच्या महिन्यात खुर्चीवर बसलो. चंपी झाली. त्याचा हात हनुवटीकडे आला तेव्हा मी तो धरला आणि जे ऐकले होते ते सारे सांगितले. तो गप्प झाला. कंगवा पुसत राहिला.

"तीस वर्षं करतोय, सर. कुणाला काही झालं नाही."

"म्हणूनच सांगतोय. होऊ नये."

बराच वेळ आरशात तो माझ्याकडे पाहत नव्हता. मग म्हणाला, "माझीसुद्धा दुखते. दिवसभर लोकांच्या डोक्यावर वाकलेलोच की. माझी कोण मोडणार?"

इतक्या वर्षांत हे माझ्या मनात आले नव्हते. मी उठलो आणि त्याला बसायला सांगितले. "काहीतरीच काय, सर," म्हणत तो स्वतःच्याच खुर्चीवर अवघडून टेकला. मी पंचा गरम पाण्यात पिळून आणला. अंगठ्यांखाली त्याची मान पिळलेल्या दोरखंडासारखी लागली. हळूहळू खांदे खाली आले, डोळे मिटले.

दारात एक गिऱ्हाईक येऊन थबकले. तो उठेल असे मला वाटले.

"बसा, पाच मिनिटं," डोळे न उघडता तो म्हणाला. आणि मग मला, "जरा डावीकडं दाब रे."