मोडीतलं लाकूड, मोजलेले फ्रेट

घरी बनवलेली गिटार घेऊन कुणी दुकानात आलं की मी आधी लाकूड बघत नाही, फूटपट्टी काढतो. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, तार बरोबर अर्धी व्हायला हवी, घोडीकडे केसभर जास्त. तसं नसेल तर बाकीचं कौतुक चहापुरतं. मग गिटारवाला पोरगा हमखास म्हणतो, "काका, ब्रायन मेनं नाही का भंगारातून बनवली?"

बनवली की. ऑगस्ट १९६३ मध्ये सुरुवात केली, लंडनजवळच्या फेल्टममध्ये, राहत्या घरात. पुढे 'क्वीन' बँडचा गिटारवादक झालेला ब्रायन तेव्हा १६ वर्षांचा होता. फेंडर स्ट्रॅटोकास्टर घेण्याइतके पैसे घरात नव्हते. पण वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले होते आणि त्यांच्या हातात कसब होतं. बापलेकांना या कामाला दोनेक वर्षं लागली. भंगाराची गोष्ट सांगणारे हा काळ सहसा गाळतात.

दांडीचं महॉगनी एका जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतून आलं. त्याला किड्यानं पाडलेली भोकं होती, ती आगकाडीच्या तुकड्यांनी बुजवली. अंगाचा गाभा जुन्या टेबलाच्या ओकचा, वरखाली ब्लॉकबोर्ड आणि त्यावर महॉगनीचा पातळ पापुद्रा. फ्रेटबोर्डवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोचा दांडा सायकलच्या सॅडलबॅगच्या धारकाचा, त्याचं टोक आईच्या विणकामाच्या सुईचं.

ट्रेमोलोबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण खरी करामत तिथे आहे. दांडा दाबला की तारा सैल होतात, सोडला की त्या मूळ सुरावर परत यायला हव्यात. बहुतेक गिटारी इथेच दगा देतात: घर्षणामुळे तार कुठेतरी अडकते आणि सूर उतरतो. या दोघांनी ट्रेमोलो धारदार पोलादी पात्यावर तोलला. तारांच्या ताणाविरुद्ध मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसवल्या आणि तारा छोट्या रोलरवरून नेल्या. तारा बारीक असल्या तरी सहांचा मिळून ताण तीस-पस्तीस किलोंच्या घरात जातो. तो पेलणारी स्प्रिंग मोडीत मिळाली, पण कोणती पेलेल हे आधी कळावं लागतं.

आणि फ्रेट. सतारीचा पडदा दोऱ्यानं बांधलेला असतो, कानाला खटकला तर सरकवता येतो. गिटारचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. मोकळ्या तारेच्या लांबीला १७.८१७ नं भागायचं, येईल ते पहिल्या फ्रेटचं अंतर. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. मेच्या गिटारची तार २४ इंची, फ्रेटही २४. म्हणजे पहिला फ्रेट ३४.२ मिलिमीटरवर, आणि शेवटच्या दोन फ्रेटमध्ये जेमतेम ९. तिथे एक मिलिमीटर चुकला की अर्धस्वराचा नववा भाग गेला. फ्रेटची तार मात्र मेनं विकत आणली. काय मोडीतून घ्यायचं आणि काय नाही, ही त्याची निवड मला त्या बटणांपेक्षा जास्त आवडते.

तारेचं कंपन पकडणारे पिकअपसुद्धा त्यानं आधी घरीच गुंडाळले होते. आवाज चांगला होता, पण तार बाजूला ओढली की खरखर यायची, कारण तार एका चुंबकाच्या ध्रुवावरून दुसऱ्याकडे सरकायची. मग बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप आले, आणि ते शिट्टी मारू नयेत म्हणून त्यांच्यात अराल्डाइट भरलं. प्रत्येक पिकअपला चालू-बंद आणि फेज असे दोन स्विच, एकूण सहा. फेज उलटा केला की दोन पिकअपमधले सारखे खर्ज एकमेकांना खातात आणि नाकातला, टोकदार आवाज उरतो. वाजवायला प्लास्टिकचा पिक नाही, सहा पेन्सचं नाणं. कडेच्या दात्यांमुळे तार किंचित कुरकुरते.

 

भंगाराची गोष्ट गिटारपाशीच संपत नाही. क्वीनचा बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी होता. १९७२ च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावरच्या कचऱ्यात त्याला एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्यानं पुस्तकांच्या फळीवर ठेवतात तसल्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडली: झाला अॅम्प. मेनं या खोक्यातून गिटारचे कित्येक थर रेकॉर्ड केले. त्या अॅम्पला ना आवाजाचं बटण, ना टोनचं. कमी-जास्त जे करायचं ते गिटारवरूनच.