बेचाळीस किलोमीटर आणि एक गुडघा

मंडळी, त्र्याहत्तराव्या वर्षी पहिल्या मॅरेथॉनला नाव दिलं आहे. अंतर ४२.१९५ किलोमीटर! पण गुडघा मुरगळला आणि दोन महिने सराव बुडाला. रामाळा तलावाची पहाटफेरीसुद्धा बंद. घरचे म्हणतात, यंदा राहू द्या.

मला आपल्या आनंदवनचे बाबा आमटे आठवतात. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. तरीही १९८५ मध्ये, सत्तरीत, 'भारत जोडो'साठी तरुण सायकलस्वारांसोबत ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. गाडीत आडवे पडून. सायकल चालवता येत नाही म्हणून घरी बसले नाहीत. जमेल तसे गेले.

डॉक्टरांनी धावायला मनाई केली आहे, चालायला नाही. तेव्हा मी चालणार. गुडघा कुरकुरला की तिथेच थांबेन. पदक नाही मिळालं तरी चालेल. निघायचं मात्र नक्की.