कारकुनाचा कोट

निकोलाय गोगोल या रशियन लेखकाची ‘ओव्हरकोट’ ही कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. मी स्वतः कारकून. वाचताना आपल्याच टेबलावरची फाईल उघडल्यासारखे वाटले.

पीटर्सबर्गच्या सरकारी कचेरीत अकाकी अकाकीविच हा नकला करणारा कारकून. पगार वर्षाला ४०० रुबल. सहकारी त्याची टिंगल करतात, डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात. अंगावरचा कोट विरलेला. नव्याला ८० रुबल हवेत. त्यासाठी तो संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती लावत नाही, बुटाचे तळवे झिजू नयेत म्हणून जपून पावले टाकतो. कोट शिवणारा शिंपी पूर्वी कुणाचा तरी भूदास, नुसता ग्रिगोरी. सुटकेचा कागद मिळाल्यावर तो पेत्रोविच झाला. नावाची किंमत आपल्या समाजाला सांगायला नको.

कोट घातला त्याच रात्री चोर तो हिसकावून नेतात. दाद मागायला गेला तर बडा अधिकारी असा खेकसतो की बिचारा तापाने फणफणून मरतो. कचेरीला कळते तेव्हा त्याला पुरून चार दिवस झालेले असतात. लगेच त्याच्या जागी दुसरा कारकून बसतो.

कथेत एक तरुण सहकारी आहे. तोही हसत असतो. पण एकदा त्या गरिबाच्या विनवणीत त्याला भावाची हाक ऐकू येते आणि त्याचे हसू कायमचे थांबते.

मला ती हाक वेळेवर ऐकू आली नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा आवक-जावकच्या टेबलावर आपलेच एक वयस्कर बंधू होते. त्यांच्या रफू केलेल्या स्वेटरवर सगळे हसत. मीही हसलो. आपण त्यांच्यातले दिसू नये, ही भीती! ते मुलीच्या शिक्षणासाठी पै-पै वाचवत होते, हे त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी कळले. माफी मागायची राहूनच गेली.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले. तेव्हा अंगावरचे वस्त्र म्हणजे चैन नव्हे, माणूसपण आहे. त्यावर हसणारा माणूसपणावरच हसतो.

मेल्यावर अकाकीचे भूत लोकांचे कोट ओढत फिरते. आपला भुताखेतांवर विश्वास नाही. न्याय जिवंतपणीच मागायचा, तोही एकजुटीने. अकाकी एकटा होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस एकटा पडू नये, एवढे तरी आपण पाहू या.

जयभीम!