अळी बदलली, माझी बातमी नाही

राजेहो, आज जरा माझीच चूक सांगतो.

२०१७ चा हंगाम आठवतो ना? वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी न् पोखरलेली सरकी. एका शेतकऱ्यानं बांधावर बोंड फोडून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, "भाऊ, बियाणंच बोगस निघालं." मी तसंच छापलं. बोगस बियाणं विकलं जातं, ते खरंच आहे. पण अस्सल बियाण्याच्या वावरातही अळी का, हे मी कोणालाच विचारलं नाही.

झालं होतं ते असं. बीटीचं विष पचवायला अळी 'शिकत' नाही. लाखोंमध्ये एखादी आधीपासूनच अशी असते, जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते. तिचा पतंग होतो, अंडी पडतात, पुढच्या पिढीत तिच्यासारख्यांचं प्रमाण वाढतं. एकटी अळी बदलत नाही, सगळ्या अळ्यांमधलं प्रमाण बदलतं. यालाच उत्क्रांती म्हणतात. दहावीच्या पुस्तकात धडा आहे. आपण जिराफाची मान पाठ केली, मार्क घेतले न् विसरलो.

बीटी आपल्याकडं २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं २००६ मध्ये. पहिल्या बीटीला ही अळी गुजरातेत दाद देत नाही, हे २०१० मध्येच जाहीर झालं होतं. तेव्हाच आपले कान उभे राहायला हवे होते.

उपाय तर पाकिटासोबतच यायचा. ४५० ग्रॅम बीटी न् सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीची पुडी, ती 'रेफ्युजी'. विष पचवण्याचा हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच पुरता कामी येतो. बिगर-बीटीच्या ओळींवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग त्या चिवट पतंगांशी जुगले, की पिल्लांत गुण एकाच बाजूनं येतो न् ती बीटीवर मरतात. म्हणजे थोड्या अळ्या पोसायच्या, बाकी पीक वाचवायला.

आपण काय केलं? पुड्या बांधावर फेकल्या. वर फरदड मार्चपर्यंत ठेवली. ही अळी जगते मुख्यतः कपाशीवर. आपण तिला जेवणही दिलं न् पिढ्या वाढवायला वेळही.

पण दोष एकट्या शेतकऱ्याला देऊ नका. दोन एकरवाल्यानं अळ्या पोसायला ओळी सोडाव्यात, ते का, हे त्याला मराठीत कोणी समजावलं? कंपनीनं नाही, खात्यानं नाही, आम्ही पत्रकारांनी तर नाहीच.

म्हणून आज लिहितो. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड नको. कामगंध सापळे लावा. डोमकळ्या तोडून नष्ट करा. हे एकट्याच्या वावरात करून भागत नाही, पतंगाला धुरा कळत नाही. गावानं मिळून करा.

बांधावरच्या त्या भाऊला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. उशीर झाला, मान्य आहे.