मंगळ : पत्रिकेतला आणि आकाशातला

आमच्या घरांतून मंगळाची ओळख होते ती पत्रिका जुळविताना. आकाशात तो कोठे उगवतो हे घरातील एकालाही ठाऊक नसले, तरी मुलीच्या कुंडलीत तो कोणत्या स्थानी बसला आहे हे साऱ्या गोतावळ्याला तोंडपाठ असते. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या स्थानी तो आला की पत्रिका मंगळाची ठरते. बारांपैकी पाच घरे त्याची, म्हणजे साध्या हिशेबाने पाचांतली दोन माणसे तरी त्याच्या तावडीत. पण हा हिशेब लग्नाच्या बैठकीत कोणी मांडीत नाही. निपाणीच्या आमच्या एकत्र कुटुंबातील धाकट्या चुलत बहिणीची दोन चांगली स्थळे याच एका कारणाने परत गेली होती. ती काही बोलत नसे, आणि तिचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागत असे.

अशात २००३ चा श्रावण आला. २७ ऑगस्टला, पिठोरी अमावास्येच्या दिवशी, मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५७ लाख ५८ हजार किलोमीटरवर येणार होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका निकट आला नव्हता. ही वार्ता ऐकून आमच्या थोरल्या आत्यांनी, म्हणजे आक्कांनी, ग्रहशांतीचा विचार सुरू केला. धाकट्या काकांनी, तात्यांनी, एका स्नेह्याकडून दुर्बीण मागून आणली. पुण्यात शिकत असताना टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली उभारलेले तारांगण त्यांनी आवडीने पाहिले होते. त्या आठवणीवर त्यांनी ओसरीवर खडूने दोन वर्तुळे काढली. पृथ्वीची सूर्यप्रदक्षिणा ३६५ दिवसांची, मंगळाची ६८७ दिवसांची. आतल्या वाटेने चालणारी पृथ्वी साधारण दर २६ महिन्यांनी त्याला गाठते. त्याची वाट लंबवर्तुळाकार असल्याने, सूर्याला जवळ असलेल्या टोकाशी ही गाठ पडली की तो असा ठळक दिसतो. "आक्का, तो कुणाच्या घरात शिरायला येत नाही गं," तात्या म्हणाले, "आपणच त्याच्या शेजारून पुढे जातो."

मात्र पाऊस आमच्या बाजूचा नव्हता. अमावास्येची रात्र ढगांतच सरली. गौरी गेल्या त्या रात्री आभाळ उघडले आणि आम्ही सारे गच्चीवर जमलो. शेजारच्या कन्नडभाषक काकूही आल्या. "आमच्यात ह्यालाच कुजदोष म्हणतात," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांच्या घरीही उपवर मुलगी होती. दुर्बिणीत केशरी रंगाचे लहानसे बिंब थरथरत होते आणि त्याच्या एका कडेला ध्रुवावरील बर्फाचा पांढरा ठिपका. बहीण बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. मग वळून एवढेच म्हणाली, "हा होय तो?"

९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, आणि वारही मंगळवार. मंगळ चंद्राएवढा दिसणार अशी वावडी त्या दिवसांत उठली होती. त्या संध्याकाळी तो खरोखरच चंद्राच्या अगदी शेजारी होता. चंद्राच्या व्यासाच्या सत्तराव्या भागाहूनही लहान, एक तांबूस ठिपका! विसर्जनाला निघालेल्या आक्का अंगणात थबकल्या. दोहोंकडे पाहिले, हात जोडले आणि तात्यांना म्हणाल्या, "पोरीची पत्रिका आता कुणाला धाडू नका." शांती झाली नाही. पुढील वर्षी, पत्रिका न मागणाऱ्या घरी बहिणीचे लग्न झाले.

शतकांच्या समजुती एका दुर्बिणीने जात नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याचे भय घालतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलेले असले, तर भयाचे माप तरी कळते. २०१८ च्या जुलैअखेर मंगळ पुन्हा ५ कोटी ७६ लाख किलोमीटरपर्यंत आला. २००३ पेक्षा जवळ तो २२८७ मध्येच येईल. २०१८ च्या त्या पावसाळ्यात बहिणीच्या मुलीने तो ढगांच्या फटीतून स्वतःच शोधून काढला. पत्रिकेत तो कोठे आहे हे तिने अद्याप विचारलेले नाही, आणि आम्हीही पाहिलेले नाही.